संगणकाचे विरजण

घरातले विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जावे लागते. दूध कितीही चांगले असले तरी चमचाभर जुन्या दह्यावाचून त्याचे दही होत नाही. आजचे विरजण कालच्या दह्यातले, कालचे परवाच्या दह्यातले. असे मागे मागे जाऊ लागलो की अगदी पहिले विरजण कोठून आले, हा प्रश्न उरतोच. वर्गात एखादा चौकस विद्यार्थी तो विचारतो आणि शिक्षकांची थोडी पंचाईत होते.

संगणकाच्या बाबतीतही असाच एक प्रश्न आहे. संगणक स्वतःच्या मनाने काहीच करत नाही. स्मृतीत भरलेल्या आज्ञा तो एकामागून एक पाळतो, एवढेच. या आज्ञा चकतीवरून किंवा कार्डावरून वाचून स्मृतीत आणल्या जातात. परंतु 'चकतीवरून वाचणे' हेही एक कामच आहे आणि ते करण्यासाठीसुद्धा आज्ञा हव्यात. त्या कोणी आणायच्या? बटण दाबले त्या क्षणी संगणकाची मुख्य स्मृती कोरी असते. कोऱ्या स्मृतीचा संगणक पहिली आज्ञा कोठून आणतो?

या प्रश्नाकडे आमचे नीट लक्ष गेले ते एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी घेणारे एक उपकरण तयार होत होते. त्याच्या पोटात तळहाताएवढे एक प्रोसेसर बोर्ड होते. बोर्डावरच्या कायम स्मृतीत जुन्या बूटलोडरच्या जागी नवा बूटलोडर लिहिण्याचे काम चालू होते. लिहिणे अर्ध्यावर आले असताना वीज गेली. ती परत आली तेव्हा बोर्डावर दिवा लागेना, पडद्यावर अक्षर उमटेना. "बोर्ड मेलं," असे म्हणून आमच्या विद्यार्थ्याने ते खोक्यात टाकले. ते खरोखरच मेले होते काय? उत्तर समजण्यासाठी थोडे मागे, पंचाहत्तरहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

आपल्या खांद्यावर आपणच

प्रथम 'बूट' या शब्दाविषयी. त्याचा पायातल्या बुटाशी खरोखरच संबंध आहे. उंच बूट चढवताना ओढण्यासाठी त्याला मागे एक पट्टी असते. त्या पट्ट्या धरून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे, हे इंग्रजीत अशक्य गोष्टीचे उदाहरण म्हणून सांगितले जाई. १९५०च्या दशकात संगणकावर काम करणाऱ्यांनी ते उचलले आणि संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीला त्या पट्टीचेच नाव दिले. पुढे त्याचे झाले नुसते 'बूट'. आपल्याकडेही दर्शनशास्त्रांच्या चर्चेत असाच एक दृष्टान्त येतो. नट कितीही निष्णात असला तरी तो स्वतःच्या खांद्यावर स्वतः चढू शकत नाही. संगणकापुढची अडचण नेमकी हीच होती.

हाताने भरलेली पहिली आज्ञा

स्मृतीत साठवलेल्या आज्ञावलीनुसार चालणारे पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी चालले. 'बेबी' या नावाने ते ओळखले जाते. त्याच्या स्मृतीत अवघे ३२ शब्द मावत. टॉम किलबर्न यांनी लिहिलेली त्याची पहिली आज्ञावली १७ आज्ञांची होती. ती यंत्रात घातली कशी? हाताने. प्रत्येक आज्ञेतला प्रत्येक शून्य आणि एक, बटणे व खटके वापरून. १७ आज्ञांपुरते हे ठीक होते. परंतु शेकडो आज्ञा असत्या तर? एक चूक झाली की पुन्हा सुरुवात, आणि वीज गेली की सगळेच पुसलेले.

यावर पहिला नीटनेटका उपाय निघाला केंब्रिजमध्ये. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे 'एडसॅक' हा संगणक उभा राहिला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दाखवला. त्याला आज्ञावली दिली जाई ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. म्हणजे फीत वाचण्याच्या आज्ञा स्मृतीत आधी असायला हव्यात. डेव्हिड व्हीलर या विशीतल्या संशोधक विद्यार्थ्याने त्यासाठी ३१ आज्ञांचा एक संच रचला. त्याला 'आरंभीच्या आज्ञा' असे नाव पडले.

या ३१ आज्ञा स्मृतीत कशा येत, तो भाग आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या काळच्या स्वयंचलित टेलिफोन केंद्रांत एकेक पायरी पुढे सरकणारे फिरते स्विच वापरत. एडसॅकमध्ये तसेच स्विच बसवून त्यांच्या तारांची जोडणीच अशी केली होती की प्रत्येक पायरीवर एका आज्ञेचे शून्य आणि एक मिळावेत. सुरुवातीचे बटण दाबले की स्विच टकटक करत फिरत, ३१ आज्ञा स्मृतीच्या पहिल्या ३१ घरांत जाऊन बसत आणि संगणक शून्य क्रमांकाच्या घरापासून त्या पाळू लागे. त्या आज्ञा मग फीत वाचत. एवढेच नव्हे, तर फितीवरची अक्षरे व दशमान आकडे यांचे यंत्राला समजणाऱ्या द्विमान रूपात भाषांतरही करत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हीलर यांनी ४१ आज्ञांचा सुधारित संच केला. त्यामुळे तयार उपआज्ञावल्या फितीवरून उचलून आपल्या आज्ञावलीत हव्या तेथे बसवणे सोपे झाले.

येथे आपल्या कोड्याचे उत्तर दडलेले आहे. पहिली आज्ञा दुसऱ्या कोणत्या आज्ञेने आणली नाही. ती तारांच्या जोडणीत होती. 'बटण दाबल्यावर शून्य क्रमांकाच्या घरापासून सुरुवात कर' हेसुद्धा कोठे लिहिलेले नव्हते. यंत्राची घडणच तशी होती. कारणांची साखळी मागे मागे जात एका जागी थांबते आणि ती जागा म्हणजे माणसाने आधी जोडून ठेवलेली तार.

खटक्यांपासून चिपपर्यंत

पुढच्या काळात स्मृतीचा प्रकार बदलला. फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली चुंबकी स्मृती आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकातही अशीच स्मृती होती. तिचा मोठा गुण असा की वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व टिकते, म्हणजे एकदा भरलेली आज्ञा टिकते.

१९६५ साली बाजारात आलेल्या पीडीपी-८ या छोट्या संगणकाच्या दर्शनी भागावर १२ खटक्यांची रांग होती. यंत्र कोरे असेल तर चालक त्या खटक्यांनी सोळा-सतरा शब्दांचा एक आरंभक भरत असे. खटके हवे तसे वर-खाली करायचे, स्मृतीत टाकण्याचा खटका दाबायचा, मग पुढचा शब्द. हा आरंभक अगदी अडाणी होता. त्याला फक्त एका साध्या पद्धतीने लिहिलेली फीत वाचता येई. त्याच्याकडून दुसरा, थोडा शहाणा आरंभक वाचून घ्यायचा आणि त्या दुसऱ्याकडून खरी आज्ञावली. ही दोन पायऱ्यांची युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे. कामाची आज्ञावली भरकटून स्मृतीतला हा आरंभकच पुसून टाकी, तेव्हा चालक पुन्हा खटक्यांपुढे बसे. रोज हे काम करणाऱ्यांना ते आकडे तोंडपाठ होत.

त्यानंतरच्या पीडीपी-११ साठी ३२ शब्दांचे एक डायोडांचे कार्ड मिळे. त्यातले नको असलेले डायोड कापून टाकायचे. उरलेल्यांची जी नक्षी राहील तीच आरंभीची आज्ञावली. आज्ञा लिहिण्यासाठी पक्कड लागण्याचे हे मजेदार उदाहरण आहे.

१९७५ साली आलेल्या अल्टेअर ८८०० या घरगुती संगणकातली स्मृती मात्र वीज जाताच पुसली जाणारी होती. त्यामुळे यंत्र चालू करताना दर वेळी खटके आलेच. त्याच वर्षी पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअरसाठी बेसिक ही भाषा लिहिली. ती दाखवण्यासाठी अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कला निघाले. विमान उतरू लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, बेसिक फितीवर आहे खरे, पण ती फीत वाचण्यासाठी लागणारा आरंभक आपण लिहिलेलाच नाही! तो त्यांनी विमानातच कागदावर लिहून काढला आणि नंतर खटक्यांनी यंत्रात भरला. विरजणावाचून दुधाचे पातेले घेऊन निघण्यासारखाच हा प्रकार होता.

हे खटके नाहीसे केले ते कायम स्मृतीच्या चिपांनी. या चिपेत आज्ञा कारखान्यातच कोरलेल्या असतात. कोठे ट्रान्झिस्टर जोडलेला आहे आणि कोठे नाही, यावरून एक की शून्य ते ठरते. १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप केली. तिच्या पहिल्या नमुन्यात २५६ बाइट मावत. १९८४ मध्ये जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी विजेनेच झटपट पुसता येणारी 'फ्लॅश' स्मृती जगापुढे मांडली.

याच वर्षी भारतात शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. ज्येष्ठ शिक्षकांपैकी काहींना ते आठवत असतील. खटका दाबताच दोन सुरांची शीळ वाजे आणि बेसिक तयार. त्याचे कारण असे की ३२ किलोबाइट आज्ञा त्याच्या चिपांत कोरलेल्याच होत्या. हा संगणक बनवणाऱ्या एकॉर्न या ब्रिटिश कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी पुढे स्वतःचा प्रोसेसर आखला. २६ एप्रिल १९८५ रोजी तो प्रथम चालला. त्याचे नाव एआरएम. आज बहुतेक सर्व मोबाइल फोनांत आणि आमच्या त्या बंद पडलेल्या बोर्डातही याच वंशातला प्रोसेसर असतो.

आजच्या बोर्डावर काय घडते?

२०१३ साली आलेल्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डाचे उदाहरण घेऊ. प्रोसेसरच्या चिपेत कारखान्यात कोरलेला एक आरंभक असतो. तो कोणालाही, चिप बनवणाऱ्यालासुद्धा, नंतर बदलता येत नाही. वीज मिळताच तो जागा होतो आणि पुढची आज्ञावली कोठे सापडते ते ठरलेल्या क्रमाने शोधतो. आधी बोर्डावरची कायम स्मृती, मग छोटे स्मृतिकार्ड, मग संगणकाला जोडलेली तार.

पण तो सर्व काही एकदम आणू शकत नाही. बोर्डावर ५१२ मेगाबाइट मुख्य स्मृती असते, मात्र ती चिपेच्या बाहेर, वेगळी डाखलेली. ती वापरण्यापूर्वी तिचा वेग, तिच्या वेळा, तिला ताजी ठेवण्याचा क्रम हे सारे नेमके ठरवून द्यावे लागते. चिप बनवणाऱ्याला तर बोर्ड बनवणारा कोणती स्मृती डाखणार, हे ठाऊकच नसते. म्हणून कोरलेला आरंभक चिपेच्या आतल्या शंभरेक किलोबाइटांच्या लहानशा स्मृतीत मावेल एवढी एक छोटी आज्ञावली आणतो. ती मोठी स्मृती जागी करते. मग त्या मोठ्या स्मृतीत पूर्ण बूटलोडर येतो आणि तो शेवटी लिनक्ससारखी कार्यप्रणाली आणून तिच्या हाती कारभार देतो. पीडीपी-८ वरची ती पायऱ्यांची युक्तीच येथे पुन्हा दिसते. अडाणी आरंभक थोड्या शहाण्याला आणतो, तो आणखी शहाण्याला.

अशा बोर्डांवर बहुधा आढळणाऱ्या बूटलोडरचे नाव यू-बूट. मॅग्नस डॅम यांच्या एका छोट्या आज्ञावलीतून तो वाढला. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी २००० साली तो खुला प्रकल्प म्हणून पुढे नेला आणि २००२ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ पाणबुडी असाही होतो. पाणबुडीप्रमाणेच तोही सहसा दिसत नाही, कार्यप्रणाली वर आली की खाली जातो. तो सुरू होताना काही सेकंद उलटी मोजणी करतो. त्या वेळात कळ दाबली तर तो थांबतो आणि कार्यप्रणाली कोठून आणायची, तिला काय सांगायचे, हे आपल्याला ठरवू देतो. बोर्डावर बूटलोडर बसवणे म्हणजे या साखळीतली प्रत्येक कडी आधीची कडी जेथे शोधणार आहे तेथेच नेऊन ठेवणे. घर चुकले की साखळी तुटते.

आता आमच्या बोर्डाकडे वळू. तेही याच पद्धतीचे होते. वीज गेली तेव्हा पुसला गेला तो मधला बूटलोडर. चिपेत कोरलेला आरंभक शाबूत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्डाला तार जोडून पाहिले, तर पडद्यावर 'सी' या अक्षराची रांग सावकाश उमटत होती. कोरलेला आरंभक पुढची आज्ञावली मागत होता. आम्ही स्मृतिकार्डावर नवा बूटलोडर लिहिला, बोर्डावरचे छोटे बटण दाबून धरले आणि वीज दिली. काही सेकंदांत उलटी मोजणी दिसू लागली. ज्याला आम्ही मेलेले समजलो ते बोर्ड एक रात्रभर फक्त हाका मारत होते.

मंगळावरची वाटी

असाच प्रसंग २००४ साली मंगळावर घडला. जानेवारीच्या सुरुवातीस तेथे उतरलेली 'स्पिरिट' ही गाडी २१ जानेवारीला गप्प झाली. तिचा संगणक पुन्हा पुन्हा सुरू होत होता आणि पुन्हा पुन्हा कोसळत होता. फ्लॅश स्मृतीत फायलींची गर्दी इतकी झाली होती की सुरू होताना त्यांची यादी करण्यातच मुख्य स्मृती अपुरी पडे. कोट्यवधी किलोमीटरांवर कोणी हात लावायला जाणार नव्हते. परंतु अभियंत्यांनी एक सोय आधीच करून ठेवली होती. फ्लॅश स्मृतीकडे न बघता सुरू होण्याची आज्ञा पृथ्वीवरून पाठवता येत होती. तशी आज्ञा दिल्यावर गाडी शांतपणे सुरू झाली. मग त्यांनी फ्लॅश स्मृती साफ केली. मंगळावरच्या ९० दिवसांसाठी आखलेली ती गाडी २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत राहिली.

सगळे दही खाऊन न टाकता वाटीत थोडे बाजूला ठेवणारी गृहिणी हेच करते. बदलता येणाऱ्या सर्व गोष्टींच्या खाली एक न बदलणारी गोष्ट हवी.

कुलूप कोणाच्या हाती?

या इतिहासातून एक गंभीर प्रश्न निघतो. एडसॅकच्या तारा डोळ्यांना दिसत होत्या, पीडीपी-८ चे खटके बोटांखाली होते. पहिली आज्ञा देणारा हात आज नाहीसा झालेला नाही. तो चिपेच्या आत गेला आहे आणि आता तो कुलूपही लावू शकतो. अनेक चिपांत उत्पादक स्वतःच्या किल्लीची खूण कायमची कोरून ठेवतात. त्या किल्लीने सही केलेला बूटलोडर असेल तरच कोरलेला आरंभक तो चालवतो, इतर नाकारतो. रुग्णाला औषध देणारा पंप किंवा विजेचा मीटर यांत कोणी खोडसाळपणा करू नये, यासाठी हे योग्यच आहे. परंतु याच कुलपामुळे उत्पादकाने लक्ष काढून घेतलेले धडधाकट उपकरण मालकाला दुरुस्त करता येत नाही आणि ते भंगारात जाते. पैसे आपण मोजले, पण पहिली आज्ञा देण्याचा हक्क मात्र आपला नाही.

आमचे मत असे की शाळा-महाविद्यालयांसाठी बोर्ड घेताना त्याचा बूटलोडर आपल्याला बदलता येतो की नाही, हे आधी विचारावे. जे मोडता येत नाही आणि पुन्हा उभे करता येत नाही, त्याच्यावर शिकता येत नाही. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात 'मेलेली' म्हणून ठेवलेली बोर्डे असतील तर टाकण्यापूर्वी त्यांना एकदा तार जोडून पाहावी.

वर्गात हे सारे बोर्डाविनाही दाखवता येते. फळ्यावर दहा चौकोन काढून त्यांना क्रमांक द्यावेत. त्या झाल्या स्मृतीच्या जागा. एक विद्यार्थिनी प्रोसेसर होईल. तिला एकच नियम द्यावा : 'गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी घे, पुढच्या रिकाम्या चौकोनात लिही. लाल चिठ्ठी आली की थांब आणि पहिल्या चौकोनापासून लिहिलेले पाळू लाग.' चिठ्ठ्यांवर 'टाळी वाजव', 'दार उघड' असे काहीही असू द्यावे. गठ्ठा बदलला की काम बदलते, नियम मात्र तोच राहतो. मग मुलांना विचारावे, तो पहिला नियम कोणत्या चौकोनात लिहिलेला होता? थोड्या वेळाने कोणीतरी म्हणेलच की तो चौकोनांत नव्हता, बाईंनी तोंडी सांगितला होता.

विरजणाच्या कोड्याचेही उत्तर असेच आहे. घरात विरजण नसले आणि शेजारीही मिळाले नाही, तर जुन्या बायका कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ घालून ठेवत. देठावरचे सूक्ष्मजीव दुधात वाढत आणि दही लागे. पहिले विरजण दह्यातून आलेच नव्हते.